कागदावरच्या विमानतळाची पन्नास वर्षे

गेली अकरा वर्षे मी एक आंतरराष्ट्रीय विमानतळ रचतो आहे. तो कोणत्याही देशात नाही, त्याला मी मुद्दामच नाव दिलेले नाही आणि त्याचे अस्तित्व माझ्या टेबलाच्या खणातल्या कागदांपुरतेच आहे. तरीही त्याची पहिली धावपट्टी कोणत्या दिशेला आहे, तिथल्या जुन्या हँगरचे, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडचे, पुढे काय झाले आणि दुसरी धावपट्टी पहिलीपेक्षा आखूड का राहिली, हे सगळे मला एखाद्या ओळखीच्या गावासारखे ठाऊक आहे. कल्पित विमानतळ रचण्याचा छंद जगभर अनेकांना आहे. कोणी संगणकावर रचतात, कोणी कथेसाठी रचतात, तर कोणी माझ्यासारखे पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसतात. त्या सर्वांसाठी, आणि विमानतळावर तासन्‌तास थांबताना ‘हे असेच का बांधले असेल’ असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी, मला या कामातून जे उमगले ते लिहितो आहे.

माझा पहिला आराखडा सपशेल चुकला होता. एका मोठ्या आलेख कागदावर मी एकाच बैठकीत पाच समांतर धावपट्ट्या काढल्या, मधोमध आरशात पाहिल्यासारखे दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे टर्मिनल बसवले, चारही कोपऱ्यांत हँगर मांडले. रेघा सुबक होत्या, पण चित्र निर्जीव वाटत होते. पुष्कळ दिवस मला त्याचे कारण कळले नाही. नंतर खऱ्या विमानतळांचे नकाशे एकापुढे एक मांडून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की मोठा विमानतळ सहसा एका दिवशी मनात येऊन एका दमात बांधला जात नाही. तो आधीच्या पिढीने घेतलेल्या निर्णयांच्या अंगाखांद्यावर वाढतो. एखादा टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा धावपट्टीकडे जाण्यायेण्याचा रस्ता, विनाकारण तिरका जात असेल, तर तिथे कधी काळी धावपट्टी असते. मालवाहतुकीची इमारत भलत्याच जागी असेल, तर ते बहुधा जुने टर्मिनल असते. माझ्या विमानतळाला भूतकाळच नव्हता, म्हणून तो खोटा दिसत होता.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. आता दर दहा वर्षांसाठी एक ट्रेसिंग पेपर असतो. पहिल्या दशकाचा कागद तळाशी ठेवायचा, त्यावर दुसरा अंथरायचा आणि खालचे जे टिकले असेल तेवढेच गिरवायचे. जे पाडले गेले ते गिरवायचे नाही, पण ते खालून फिकट दिसत राहते आणि नव्या रेघेला वाट अडवते. प्रमाण एक सेंटिमीटरला शंभर मीटर. या प्रमाणात पंचेचाळीस मीटर रुंदीची धावपट्टी साडेचार मिलिमीटरची होते आणि एअरबस ए-३८० सारख्या जवळजवळ ८० मीटर पंखविस्ताराच्या विमानाला आठ मिलिमीटर लागतात. दोन विमानांच्या मध्ये साडेसात मीटर अंतर सोडायचे म्हटले, तर अशी दहा विमाने ओळीने उभी करायला कागदावर पावणेनऊ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात पाऊण किलोमीटरहून बरेच अधिक अंतर लागते. प्रवाशांना इतके का चालावे लागते, याचे उत्तर मला त्या पावणेनऊ सेंटिमीटरांनी दिले.

पहिल्या कागदाची सुरुवात वाऱ्यापासून होते. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोरून उडते आणि उतरते. त्यामुळे जागा ठरली की वर्षभरात कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि किती वेळ वारा वाहतो याची नोंद आधी हवी. धावपट्ट्यांची दिशा अशी निवडावी, की आडव्या वाऱ्यामुळे विमानतळ वापरता येत नाही असा काळ एकूण काळाच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शिफारस आहे. मोठ्या विमानांसाठी हा हिशेब ताशी ३७ किलोमीटर आडव्या वाऱ्यावर केला जातो, तर सर्वांत आखूड धावपट्टीवर चालणाऱ्या लहान विमानांसाठी ताशी १९ किलोमीटरवर. आकड्यांमधल्या या फरकात विमानतळांच्या आकाराचा अर्धा इतिहास सामावला आहे. जुनी हलकी विमाने आडव्या वाऱ्याला टिकत नसत, म्हणून त्या काळच्या विमानतळांवर एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्यांचा त्रिकोण असे. लंडनचे हीथ्रो १९४६ मध्ये नागरी वाहतुकीसाठी खुले झाले. तिथे पुढे असे दोन त्रिकोण एकमेकांवर येऊन षट्कोनी चांदणी तयार झाली आणि टर्मिनल त्या चांदणीच्या पोटात बांधले गेले. तिथे पोहोचण्यासाठी धावपट्टीखालून बोगदा काढावा लागला. चांदणीच्या बहुतेक भुजा पुढे निरुपयोगी ठरल्या, पण टर्मिनलांची ती मधली जागा आणि तो बोगदा आजही वापरात आहेत.

माझ्या विमानतळाच्या पहिल्या कागदावरही त्रिकोण आहे. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. उरलेल्या दोन तिच्याशी साठ-साठ अंशांचा कोन करून दक्षिणेकडे एकमेकींना मिळतात. त्रिकोणाच्या पोटात एक छोटी बैठी इमारत आणि तिच्या गच्चीवर काचेची खोली, तोच नियंत्रण मनोरा. तेव्हा धावपट्टी जेमतेम दोन हजार मीटरांची होती आणि त्या काळी तेवढी पुरेशी होती.

दुसऱ्या कागदावर जेट विमाने आली आणि सगळा हिशेब बदलला. समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या मानक हवेत, ज्या विमानाला २,५०० मीटर धावपट्टी लागते, त्याला उंचावर आणि उष्ण हवेत जास्त लागते, कारण हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. ढोबळ नियम असा, की दर ३०० मीटर उंचीला लांबी सात टक्क्यांनी वाढवायची आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानाहून हवा जितके अंश गरम, तितके टक्के पुन्हा वाढवायची. माझी जागा समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंच आहे. म्हणजे २,५०० चे २,८५० झाले. ६०० मीटरवर प्रमाण तापमान साधारण ११ अंश असते आणि हिशेबाचे तापमान मी २८ धरले आहे, म्हणून आणखी १७ टक्के. बेरीज ३,३३५ मीटरांवर गेली. तिच्या दोन्ही टोकांना साठ-साठ मीटरांची मोकळी पट्टी आणि त्यापुढे विमान घसरले तर सावरता यावे म्हणून २४० मीटरांचा सुरक्षा टप्पा धरला, की जवळजवळ चार किलोमीटर सपाट जमीन हवी. उतरण्याचा मार्ग दाखवणाऱ्या दिव्यांची धावपट्टीच्या टोकापासूनची ९०० मीटरांची रांग त्याच्याही पुढे जाते. ज्या माणसाने पहिल्या कागदावर पूर्वेला मोकळी जमीन राखून ठेवली, त्या माझ्याच कल्पनेतल्या अभियंत्याचे मी त्या दिवशी मनापासून आभार मानले.

दुसरी धावपट्टी कधी हवी, याबाबत कल्पित विमानतळ रचणारे फार घाई करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या गॅटविकने २०१९ मध्ये एकाच धावपट्टीवर चार कोटी साठ लाखांहून अधिक प्रवासी हाताळले. गर्दीच्या तासाला तिथे पंचावन्न उड्डाणे आणि आगमने होतात, म्हणजे जवळपास मिनिटाला एक विमान. एक धावपट्टी एवढे करू शकते हे कळल्यावर मी दुसरी धावपट्टी तिसऱ्या कागदापर्यंत पुढे ढकलली. मधल्या काळात विमानतळाची वाढ धावपट्टीबाहेर झाली. लवकर वळण घेऊन बाहेर पडता यावे म्हणून तिरके टॅक्सीवे आले, विमाने उभी करायच्या जागा वाढल्या, जमिनीखालून इंधनाच्या नळ्या आल्या. चार इंजिनांच्या एका मोठ्या विमानाच्या टाक्यांत दोन लाख लिटरांहून अधिक इंधन मावते. दिवसाला अशी तीस-चाळीस विमाने सुटू लागली, की टँकरच्या फेऱ्यांनी एप्रन, म्हणजे विमाने उभी करायचे आवार, भरून जातो.

दुसऱ्या धावपट्टीचा खरा प्रश्न अंतराचा असतो. दोन्ही धावपट्ट्यांवर एकाच वेळी, एकमेकींची वाट न पाहता विमाने उतरवायची असतील, तर दोहोंत किमान १,०३५ मीटर अंतर लागते. एकीवरून फक्त उड्डाणे आणि दुसरीवर फक्त आगमने ठेवली, तर ७६० मीटरांवरही काम भागते. मला मात्र टर्मिनल दोहोंच्या मध्ये हवे होते, विमानांना धावपट्टी ओलांडून जावे लागू नये म्हणून. टर्मिनल, त्याच्या दोन्ही बाजूंना उभी विमाने, त्यांच्यामागे टॅक्सीवे असे सगळे मोजता मोजता मी दोन किलोमीटरांवर गेलो. पट्टी दक्षिणेकडे वीस सेंटिमीटर सरकवली आणि पेन्सिलचे टोक एका गावावर आले.

ते गाव मीच पहिल्या कागदावर काढले होते. तीस-पस्तीस घरांचे ठिपके, एक विहीर, एक शाळा आणि विमानतळाच्या कुंपणापर्यंत आलेली शेते. केवळ कागदाचा कोपरा रिकामा दिसू नये म्हणून ते काढले असावे. दुसरी धावपट्टी पूर्ण लांबीची करायची तर ती त्या गावातून जात होती. मी रबर घेतले आणि गाव पुसून टाकले. एका मिनिटाचे काम होते. धावपट्टी सरळ, ३,३३५ मीटरांची, देखणी आली. पण कागद खिडकीच्या काचेला लावून पाहिला, तेव्हा खालच्या दोन कागदांवरची घरे उजेडात धावपट्टीतून स्पष्ट दिसत होती. विहीर बरोबर मधल्या पांढऱ्या रेघेवर होती. मी ती धावपट्टी खोडली आणि गाव पुन्हा गिरवले.

यात भावनेपेक्षा वास्तवाचा भाग मोठा आहे. जपानमधल्या नारिता विमानतळाच्या जमिनीसाठी तिथल्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध प्रदीर्घ आणि रक्तरंजित होता. १९७८ मध्ये विमानतळ सुरू झाला तो एकाच धावपट्टीवर. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये आली आणि जमीन न मिळाल्यामुळे ती नियोजित लांबीऐवजी २,१८० मीटरांचीच झाली. ती २,५०० मीटरांची व्हायला २००९ उजाडले. नकाशात धावपट्टीची लांबी हा एक आकडा दिसतो, पण त्या आकड्यामागे कोणी तरी दिलेला नकार असू शकतो, ही गोष्ट कल्पित विमानतळ रचणाऱ्याने विसरू नये, असे मला तळमळीने वाटते.

माझी दुसरी धावपट्टी मग २,४०० मीटरांची झाली आणि पश्चिमेकडे सरकली. तिच्या पूर्व टोकापासून गावाची शाळा दीड किलोमीटरवर आहे. विमाने पश्चिमेच्या वाऱ्यात पूर्वेकडून उतरू लागली, तर तीन अंशांच्या उताराने येताना ती शाळेवरून नव्वद मीटरांच्या आसपास उंचीवरून जातील, म्हणजे धडा शिकवणे अशक्य. म्हणून मी ठरवले, की पश्चिमेचा वारा असेल तेव्हा दक्षिणेच्या धावपट्टीवरून फक्त उड्डाणे व्हावीत आणि आगमने उत्तरेच्या जुन्या धावपट्टीवर व्हावीत. उडणारी विमाने पूर्व टोकापासून धावायला लागून गावापासून दूर जातात. अर्थात सुटताना इंजिनाची गर्जना मागे, गावाच्याच दिशेने जाते. शिवाय वर्षातले जे दिवस पूर्वेचा वारा असतो, त्या दिवशी विमाने गावावरूनच उडतात. लांबच्या प्रवासाची, इंधनाने जड झालेली विमाने २,४०० मीटरांत उठू शकत नाहीत, तीही उत्तरेच्या धावपट्टीवर जातात आणि तिथे रांग लागते. हे सगळे तोटे मी आराखड्याच्या समासात लिहून ठेवले आहेत. हीथ्रोवर पश्चिमेचा वारा असताना उतरण्याची धावपट्टी दुपारी तीन वाजता बदलतात, जेणेकरून खाली राहणाऱ्या लोकांना दिवसातला काही काळ तरी ठरलेली शांतता मिळावी. माझ्या आखूड धावपट्टीमुळे मला गावासाठी तशी अदलाबदल करता येत नाही, ही उणीव मला आजही खुपते.

टर्मिनलाच्या बाबतीत मी एका उदाहरणाकडून बरेच शिकलो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा विमानतळ १९७२ मध्ये खुला झाला तेव्हा त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. वळणदार, अरुंद टर्मिनले अशी होती, की मोटारीतून उतरलेला प्रवासी थोडीशी पावले चालून थेट विमानाच्या दाराशी पोहोचे. पण विमान अपहरणांमुळे १९७३ च्या जानेवारीपासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी बंधनकारक झाली. ज्या इमारतीचा सारा गुण तिच्या अरुंदपणात होता, तिथे तपासणीची रांग, यंत्रे आणि त्यापुढची प्रतीक्षागृहे मावेनात. पुढली पन्नास वर्षे तो विमानतळ तुकड्यातुकड्यांनी तपासणी करत राहिला आणि २०२३ मध्ये तिथे एकच मोठे नवे टर्मिनल उघडले. आराखडा करणाऱ्यांनी त्यांच्या काळच्या प्रश्नाचे उत्तम उत्तर दिले होते. बदलला तो प्रश्नच. म्हणून माझ्या चौथ्या कागदावर टर्मिनलाच्या मधल्या दालनाला मी कोणताही उपयोग नेमून दिलेला नाही. मोठ्या कमानीचे छप्पर, आत कमीत कमी खांब आणि खाली सपाट फरशी, एवढेच. आज तिथे तपासणी आहे, पुढच्या कागदावर दुसरे काही असेल.

सामानाच्या व्यवस्थेवर मी थोडक्यात लिहितो, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि कागदावर फारशी काढताही येत नाही. पण विमानतळाचे उद्घाटन तिच्यापायी अडते. अमेरिकेतले डेन्व्हर १९९३ च्या ऑक्टोबरात उघडायचे होते. सामान आपोआप वाहून नेणारी अतिमहत्त्वाकांक्षी यंत्रणा चालेना, त्यामुळे ते २८ फेब्रुवारी १९९५ रोजी उघडले आणि २००५ मध्ये ती यंत्रणा अखेर बंद करण्यात आली. डेन्व्हरकडून घ्यावी अशी दुसरी गोष्ट मात्र चांगली आहे. सुमारे १३५ चौरस किलोमीटर जमीन आणि बारा धावपट्ट्यांपर्यंत वाढण्याची मुभा असताना तिथे आज सहा धावपट्ट्या आहेत. बाकीची जागा वाट पाहते आहे.

जमीन असली म्हणजे सगळे होते, असेही नाही. कॅनडात माँट्रिऑलजवळ मिराबेल विमानतळासाठी सुमारे ३९,००० हेक्टर जमीन ताब्यात घेतली गेली आणि १९७५ मध्ये तो सुरू झाला. शहराशी जोडणारी जलद रेल्वे कधी आलीच नाही, देशांतर्गत उड्डाणे डोर्व्हालच्या जुन्या विमानतळावरच राहिली, आणि परदेशातून येऊन पुढे जाणाऱ्या प्रवाशाला एका विमानतळावरून दुसऱ्यावर रस्त्याने जावे लागे. २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक थांबली. ज्यांची शेते गेली त्यांतल्या अनेकांना जमीन पुढे परत मिळाली, पण मधली वर्षे कोण परत देणार? मिराबेलची हकीकत वाचली तेव्हा मी माझा विमानतळ दूरच्या मोकळ्या माळावर हलवण्याच्या बेतात होतो. तो बेत रद्द करून मी त्याऐवजी टर्मिनलाखाली रेल्वेचे स्थानक काढले, तेही तिसऱ्या कागदावर, रेल्वे येण्याच्या पंधरा वर्षे आधी. नुसती कोरी काँक्रीटची पेटी. वरचे बांधकाम न तोडता गाडी आत आणता आली, याचा आनंद मला त्या संपूर्ण दशकातल्या कामात सर्वांत मोठा वाटला.

वय दाखवणाऱ्या बारीक खुणा मला विशेष प्रिय आहेत. धावपट्टीवरचा क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांवरून पडतो, दहाने भागून जवळच्या पूर्णांकात. पृथ्वीचे चुंबकीय उत्तर सरकत असते, म्हणून काँक्रीट तसूभरही न हलता क्रमांक बदलतो. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडने २००९ मध्ये तो बदलला, अमेरिकेतल्या टँपाने २०११ मध्ये. माझी जुनी धावपट्टी ९२ अंशांची होती, म्हणून तिचा क्रमांक शून्य-नऊ. चौथ्या कागदावर ती ९६ अंशांवर आली आणि मी तिच्या टोकावर दहा लिहिले. विमानतळाच्या तीन अक्षरी संकेताचेही तसेच आहे. शिकागोच्या ओहेअरचा संकेत ओ-आर-डी आहे, कारण ती जागा पूर्वी ऑर्चर्ड फील्ड म्हणून ओळखली जाई. नाव पुसले गेले, तरी प्रवाशांच्या सामानाच्या चिठ्ठीवर ते रोज छापले जाते.

सध्या पाचवा कागद टेबलावर आहे. त्रिकोणाच्या दोन तिरक्या धावपट्ट्यांपैकी एक आता टॅक्सीवे आहे आणि दुसरीवर मालवाहू विमाने उभी राहतात. गच्चीवर काचेची खोली असलेली ती पहिली बैठी इमारत मी पाडलेली नाही, तिच्यात अग्निशमन दलाचे कार्यालय आहे. उत्तरेला, कुंपणाच्या आत, चार किलोमीटर लांबीची एक पट्टी तिसऱ्या धावपट्टीसाठी राखून ठेवली आहे आणि तिथे तूर्त गवत आहे. तिच्यातून एक जुना रस्ता जातो, जो पहिल्या कागदापासून सलग गिरवत आणला आहे आणि गावातली माणसे पलीकडच्या शेतांवर जायला तोच वापरतात. तो खालून बोगद्याने न्यायचा की पश्चिमेकडून वळसा घालून, हे या आठवड्यात ठरवायचे आहे. वळसा मोजून पाहिला, तो सहा किलोमीटरांचा होतो आणि पायी जाणाऱ्याला सव्वा तासापेक्षा अधिक लागतो. मी बोगद्याची रेघ काढायला घेतली आहे.